धोकादायक टकरीला शिक्षा: एनएफएलची पद्धत की महाविद्यालयीन पद्धत?

अमेरिकेत हौशी फुटबॉल लीग चालवणाऱ्या मंडळींसमोर हंगाम सुरू होण्याआधी एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे नियमपुस्तक कोणाचे घ्यायचे, व्यावसायिक एनएफएलचे की महाविद्यालयीन एनसीएएचे. हा प्रश्न अर्थातच अमेरिकन फुटबॉलचा आहे. बहुतेक बाबतींत या दोन पुस्तकांतला फरक फारसा जाचक नाही. झेल पकडताना एक पाऊल आत हवे की दोन, असल्या गोष्टी खेळाडू दोन सरावांत अंगवळणी पाडून घेतात. डोक्यावर होणाऱ्या धोकादायक टकरींना शिक्षा कशी द्यायची, या एका बाबतीत मात्र दोन्ही पुस्तके मुळातूनच वेगळा विचार करतात. मी राहतो त्या गावच्या लहानशा प्रौढ लीगच्या नियम समितीवर असताना ही निवड मला करावी लागली. अलीकडे आपल्यापैकी काही जण इकडच्या मुलांच्या किंवा प्रौढांच्या लीगमध्ये समितीवर येऊ लागले आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून दोन्ही पद्धतींबद्दल माझे मत मांडतो. टक्कर म्हणजे काय, बचाव करण्याच्या स्थितीत नसलेला खेळाडू कोणाला म्हणायचे, हे वाचकांना ठाऊक आहे असे गृहीत धरतो.

एनएफएलची शिक्षा तीन थरांची आहे. सामना चालू असताना पंचांचा पिवळा झेंडा पडतो, म्हणजे चेंडू 15 यार्ड पुढे आणि आपोआप फर्स्ट डाउन, म्हणजे पुढे सरकायला नव्याने चार प्रयत्न (डाउन). नंतरच्या आठवड्यात लीगचे कार्यालय चित्रफीत पाहून दंड ठरवते. टक्कर फारच निर्घृण असेल किंवा खेळाडू पुन्हा पुन्हा तेच करत असेल, तर निलंबन होते आणि तेवढ्या सामन्यांच्या मानधनावर पाणी सोडावे लागते. पंच एखाद्याला जागच्या जागी मैदानाबाहेर काढू शकतात, पण तो त्यांच्या विवेकाचा भाग आहे आणि व्यवहारात तो विवेक क्वचितच वापरला जातो.

या रचनेचे बळ मी नाकारणार नाही. ऑक्टोबर 2010 मधल्या एका रविवारी एकामागून एक भयानक टकरी झाल्या, आणि दोन दिवसांत लीगने पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनला 75,000 डॉलर, तर अटलांटाच्या डंटा रॉबिन्सनला आणि न्यू इंग्लंडच्या ब्रँडन मेरिवेदरला प्रत्येकी 50,000 डॉलर दंड ठोठावला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2011 मध्ये, क्लीव्हलँडचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, कोल्ट मॅकॉय याला हेल्मेटने धडक दिल्याबद्दल त्याच हॅरिसनला एका सामन्यासाठी बाहेर बसावे लागले. 2019 मध्ये व्होंटेझ बर्फिक्टने इंडियानापोलिसच्या जॅक डॉयलला मारलेल्या धडकेनंतर लीगने त्याचा उरलेला सगळा हंगामच, म्हणजे 12 सामने, काढून घेतला. त्याच्या नावावर आधीची लांबलचक यादी होती, आणि ती यादी पाहून शिक्षा वाढवता येते हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. एखादा भला खेळाडू क्षणभर चुकला आणि एखादा दरवर्षी तेच करतो, या दोघांना एकाच मापाने मोजू नये असे कोणालाही वाटेल. शिवाय अपिलाची सोय आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून नेमलेले माजी खेळाडू अपील ऐकतात आणि शिक्षा कमीही करतात. 2023 मध्ये डेन्व्हरच्या करीम जॅक्सनचे चार सामन्यांचे निलंबन अपिलात दोनवर आले. तो परतला तो पहिल्याच सामन्यात पुन्हा तशीच टक्कर करून बसला आणि पुन्हा चार सामने बाहेर गेला, ही गोष्ट वेगळी.

थोडक्यात, ज्या लीगकडे आठवडाभर चित्रफिती पाहणारे कर्मचारी आहेत, लाखो डॉलरचे करार आहेत आणि ज्यातून दंड कापता येईल असे मानधन आहे, तिच्यासाठी ही पद्धत विचारपूर्वक बेतलेली आहे. यांपैकी किती गोष्टी आपल्या लीगपाशी आहेत, हे निवड करणाऱ्याने आधी पाहावे.

मला या पद्धतीत खटकते ते तिचे वेळापत्रक. जानेवारी 2019 मधला न्यू ऑर्लीन्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांचा एनएफसी या एनएफएलमधल्या गटाचा अंतिम सामना बहुतेकांना आठवत असेल. 20–20 अशी बरोबरी होती, दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता आणि चेंडू रॅम्सच्या गोललाइनपासून 13 यार्डांवर होता. निकेल रॉबी-कोलमन पास पोहोचण्याआधीच टॉमीली लुइसवर जाऊन आदळला आणि झेंडा पडलाच नाही. चर्चा झाली ती पासमध्ये अडथळा आणल्याची, आणि त्यासाठी पुढच्या हंगामापुरता रिप्लेचा नियमही बदलला. पण त्याच टकरीत हेल्मेटने हेल्मेटवर आघात झाला होता आणि त्याबद्दल लीगने रॉबी-कोलमनला 26,739 डॉलर दंड केला. म्हणजे टक्कर बेकायदा होती हे लीगने स्वतः लिहून मान्य केले. न्यू ऑर्लीन्सच्या पदरात त्यातून काही पडले नाही. रॅम्स 26–23 असे जिंकले होते आणि रॉबी-कोलमन सुपर बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्यात, खेळला. दंडाची रक्कम कितीही असो, ती ज्या संघाचे नुकसान झाले त्याच्या कामी येत नाही आणि त्या दिवशीच्या सामन्याला तर स्पर्शही करत नाही.

तरीही एवढ्यावरून मी मत बनवले नसते. चुका सगळीकडे होतात आणि न पडलेल्या झेंड्याचा दोष नियमावर टाकणे बरोबर नाही. माझे मत ठरले ते झेंडा अगदी योग्य वेळी, योग्य कारणासाठी पडला तेव्हा.

आमच्या लीगमध्ये तेव्हा एनएफएलचेच नियम होते. एका संध्याकाळी मी बाजूच्या रेषेवर डाउनचा, म्हणजे चेंडूची जागा आणि कितवा प्रयत्न ते दाखवणारा, खांब धरून उभा होतो. गोललाइन जवळ आली की यार्ड मोजायची साखळी जमिनीवर ठेवून देतात आणि फक्त तो खांब हलवतात. आमचा संघ समोरच्यांच्या गोललाइनपासून 8 यार्डांवर होता आणि पहिला डाउन होता. गोललाइनपलीकडच्या एंड झोनमध्ये पास आला, तो झेलणारा आमचा रिसीव्हर दोन्ही हात वर करून हवेत होता, आणि समोरच्या सेफ्टीने, म्हणजे बचावफळीतल्या मागच्या खेळाडूने, धावत येऊन हेल्मेटचा माथाच त्याच्या जबड्याखाली घातला. चेंडू सुटला. पंचांनी क्षणाचाही विलंब न लावता झेंडा टाकला, खुणाही बरोबर केल्या. मग त्यांनी शिक्षा मोजायला सुरुवात केली. गोललाइनपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त चेंडू पुढे नेता येत नाही, हा नियम व्यावसायिक आणि महाविद्यालयीन दोन्ही पुस्तकांत आहे. म्हणून 15 यार्डांऐवजी 4 यार्ड मिळाले. फर्स्ट डाउन आमच्याकडे आधीच होता, त्यामुळे तो मिळाल्याने विशेष काही साधले नाही. मी खांब उचलला आणि चार पावले चालून पुन्हा रोवला. आमच्या रिसीव्हरला आधार देऊन बाहेर आणले होते, तो पुन्हा आत धावू नये म्हणून आमच्या प्रथमोपचार करणाऱ्या बाईंनी त्याचे हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरले होते, आणि तो कितवा क्वार्टर चालू आहे हे शेजारच्याला विचारत होता. सेफ्टी आपल्या जागेवर, पुढच्या खेळीसाठी गुडघे वाकवून तयार होता.

ते दृश्य अजून माझ्या मनातून जात नाही. मैदानाच्या मध्यावर जी टक्कर 15 यार्डांना पडते, तीच टक्कर गोललाइनपाशी, जिथे ती करण्याचा मोह सर्वांत जास्त असतो, चार यार्डांत मिटते. टचडाउन, म्हणजे एंड झोनमध्ये चेंडू नेऊन मिळणारे गुण, रोखायचा असेल आणि बदल्यात चार यार्ड द्यावे लागणार असतील, तर व्यवहारी सेफ्टीने काय करावे? शिक्षा जमिनीच्या मापात दिली की जमीन संपते तिथे शिक्षाही संपते, आणि ज्याला मार बसला तो बाहेर तर ज्याने मारला तो आत राहतो. पुढच्या बुधवारी आमच्या शिस्त समितीने त्या सेफ्टीला दंड केला आणि त्याने तो निमूटपणे भरला. हौशी लीगमध्ये खेळाडू स्वतः वर्गणी भरून खेळतात, त्यांच्या लेखी दंड म्हणजे वर्गणीत थोडी भर एवढेच असते. व्यावसायिक खेळाडूचे सामन्याचे मानधन जाते तेव्हा त्याला ते जाणवत असेलच, पण आपल्याकडे तो थर मुळातच गळून पडतो आणि एनएफएलच्या तीन थरांपैकी आपल्या हाती फक्त यार्ड उरतात.

महाविद्यालयीन पुस्तकातही यार्ड तेच आहेत आणि निम्म्या अंतराचा नियमही तोच आहे. फरक एवढाच की तिथे यार्डांवर गोष्ट थांबत नाही. डोक्याला लक्ष्य करून मारलेल्या टकरीला, ज्याला सगळे टार्गेटिंग म्हणतात, 2008 मध्ये स्वतंत्र गुन्हा ठरवले गेले आणि 2013 पासून त्याला सक्तीची हकालपट्टी जोडली गेली. टक्कर दुसऱ्या हाफमध्ये झाली तर पुढच्या सामन्याचा पहिला हाफही जातो, असा तो नियम आला. पंचांना मऊ होण्याची मोकळीक नाही, आणि त्याचबरोबर प्रत्येक हकालपट्टी रिप्लेवर तपासलीच जाते. पहिल्या वर्षी एक विचित्र त्रुटी होती. रिप्लेमध्ये खेळाडू निर्दोष ठरला तरी 15 यार्ड मात्र कायम राहत. 2014 मध्ये ती दुरुस्त झाली. 2016 पासून रिप्लेच्या खोलीतल्या पंचाला मैदानावर सुटलेले टार्गेटिंगही पकडता येऊ लागले, आणि 2019 पासून गुन्ह्याचा प्रत्येक घटक चित्रफितीत स्पष्ट दिसल्याशिवाय हकालपट्टी टिकत नाही. नियम वर्षानुवर्षे घासूनपुसून नीट केला जात आहे, हे मला त्याच्या बाजूचे वाटते.

दोन्ही पद्धती एकाच खेळाडूच्या अंगावर पाहायच्या असतील, तर ट्रेव्हर लॉरेन्सचे उदाहरण घ्यावे. डिसेंबर 2019 मध्ये, फिएस्टा बोलच्या उपांत्य सामन्यात, तो क्लेमसनचा क्वार्टरबॅक होता. ओहायो स्टेट 16–0 असे पुढे होते. शॉन वेडने त्याला पाडताना हेल्मेटच्या माथ्याने धडक दिली, रिप्ले पाहून वेडला बाहेर काढले गेले, क्लेमसनची खेळी जिवंत राहिली, तिचा शेवट टचडाउनमध्ये झाला आणि सामना अखेरीस क्लेमसनने 29–23 असा जिंकला. ओहायो स्टेटचे समर्थक त्या निर्णयावर आजही चिडतात आणि त्यांचे दुःख मला समजते. वेड त्यांच्या सर्वोत्तम कॉर्नरबॅकपैकी एक होता आणि त्या टकरीत दुष्ट हेतू कोणालाच दिसला नव्हता. पाच वर्षांनी, डिसेंबर 2024 मध्ये, जॅक्सनव्हिलकडून खेळणारा तोच लॉरेन्स पाय पुढे करून जमिनीवर घसरलेला असताना ह्यूस्टनच्या अझीझ अल-शायरने त्याच्या डोक्यावर हाताचा आघात केला. तेव्हा अल-शायरला मैदानाबाहेर काढले गेले आणि तीन सामन्यांचे निलंबनही झाले. म्हणजे एनएफएललाही हे करता येते, पण ते करण्यासाठी टक्कर इतकी उघड, इतकी कुरूप असावी लागते की दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर धावून जावेत. वेडची टक्कर व्यावसायिक मैदानावर झाली असती तर फार तर 15 यार्ड आणि शनिवारी दंडाची बातमी, असेच झाले असते, असे मला वाटते. लॉरेन्सच्या डोक्याला तेवढ्याने काय दिलासा मिळाला असता, हा ज्याचा त्याने विचार करावा.

महाविद्यालयीन पद्धतीवरचे आक्षेप खरे आहेत आणि ते टाळून निवड करू नये. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू शेवटच्या क्षणी स्वतःच डोके खाली घालतो आणि टॅकल करणाऱ्याने छातीवर धरलेला नेम हेल्मेटवर लागतो, हे दर आठवड्याला दिसते. रिप्लेला वेळ लागतो आणि सामना थंड पडतो. रिप्ले असूनही वाद मिटत नाहीत. जानेवारी 2025 मधल्या पीच बोलमध्ये टेक्सासच्या मायकल टाफने ॲरिझोना स्टेटच्या रिसीव्हरला दिलेली धडक सामना बरोबरीत असताना, अगदी शेवटी, तपासली गेली आणि ते टार्गेटिंग नाही असा निर्णय आला. तो नियमाच्या शब्दांत बसतो का, यावर जाणकारांत एकमत झाले नाही. व्यावसायिक संघाला सामन्याच्या दिवशी 48 च खेळाडू उतरवता येतात, महाविद्यालयीन संघाकडे बाकावर त्याहून पुष्कळ जास्त असतात, म्हणून एक माणूस जाणे एनएफएलला अधिक महाग पडते, हा युक्तिवादही रास्त आहे. व्यावसायिक लीगने हकालपट्टी सरसकट स्वीकारली नाही याचे मला फार आश्चर्य वाटत नाही.

मात्र एक गोष्ट या वादात वारंवार सुटून जाते. शिक्षा फक्त मार खाणाऱ्याच्या बाजूने असते असे नाही. 4 डिसेंबर 2017 रोजी सिनसिनाटीमध्ये पिट्सबर्गचा लाइनबॅकर रायन शेझियर डोके खाली घालून एका रिसीव्हरवर गेला. पाठीच्या कण्याला दुखापत झालेला होता तो स्वतः, आणि तो पुन्हा कधीही खेळू शकला नाही. पुढच्या वर्षी एनएफएलने डोके खाली घालून हेल्मेटने संपर्क करणे हाच सर्व खेळाडूंसाठी गुन्हा केला. म्हणून ‘बिचाऱ्याला एका क्षणाच्या चुकीसाठी घरी पाठवले’ असे कोणी म्हणते तेव्हा मला वाटते की डोके वर ठेवून खांद्याने टॅकल करण्याची सवय ज्या शिक्षेमुळे लागते, ती शिक्षा त्या बिचाऱ्याच्याही हिताची आहे. आमच्याकडे नियम बदलल्यानंतर सरावांत फरक दिसू लागला. पूर्वी टॅकलच्या कवायती उरकल्या जात, आता प्रशिक्षक एकेकाला थांबवून हनुवटी कुठे आहे ते पाहतात, कारण एक खेळाडू गमावणे त्यांना परवडणारे नसते. सेफ्टी आता रिसीव्हर खाली उतरेपर्यंत अर्धा क्षण थांबतात आणि मग त्याला कवेत घेतात. रेषेवर उभे राहून पाहणाऱ्या माणसाचे हे निरीक्षण आहे, त्याला तेवढेच वजन द्यावे.

ज्यांच्याकडे रिप्लेची सोय नाही त्यांनी हकालपट्टी घ्यावी का, हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि इथे आम्हाला रग्बीने वाट दाखवली. रग्बीमध्ये 2023 पासून डोक्यावरच्या संशयास्पद टकरीला आधी पिवळे कार्ड देतात, खेळाडू दहा मिनिटे बाहेर बसतो आणि वेगळ्या खोलीतला पंच तेवढ्या वेळात चित्रफीत पाहून कार्ड लाल करायचे की नाही ते ठरवतो. त्याच वर्षीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याच्याबाबतीत पिवळ्याचे लाल झाले. खेळ त्यासाठी थांबून राहिला नाही. आमच्याकडे मनोऱ्यावर एकच कॅमेरा असतो. टार्गेटिंगचा झेंडा पडला की खेळाडू तो क्वार्टर संपेपर्यंत बाहेर बसतो, आणि मधल्या विश्रांतीत दोन पंच टॅब्लेटवर ती टक्कर पाहतात. स्पष्ट दिसली तर तो घरी जातो, स्पष्ट दिसली नाही तर परत येतो. एखादा निर्दोष खेळाडू काही मिनिटे उगाच बसतो, हे खरे आहे. त्याच वेळी ज्याला मार लागला तोही बसलेलाच असतो, म्हणून मला त्यात अन्याय दिसत नाही.

तेव्हा निवड करणाऱ्यांना माझे सांगणे असे. आपली लीग खेळाडूंना पैसे देत असेल, सामन्यांच्या चित्रफिती चारही बाजूंनी घेतल्या जात असतील आणि आठवड्याच्या मध्यावर बसून निर्णय देणारी, अपील ऐकणारी माणसे हाताशी असतील, तर एनएफएलची पद्धत चालवता येईल आणि वारंवार गुन्हा करणाऱ्याला ओळखण्यात ती अधिक चोख ठरेल. यांपैकी काही नसेल, आणि बहुतेक लीगकडे नसतेच, तर मी महाविद्यालयीन पद्धतीकडे झुकेन. मुलांच्या लीगमध्ये तर मला दुसरा विचारही करावासा वाटत नाही.

एका कलमावर मात्र आमची समिती अजून अडलेली आहे. दुसऱ्या हाफमधल्या गुन्ह्यासाठी पुढच्या सामन्याचा पहिला हाफ काढून घेतला की फायदा तिसऱ्याच संघाला होतो. 2018 मध्ये एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) डेव्हिन व्हाइट मिसिसिपी स्टेटविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये बाहेर गेला, पण त्याच्याशिवाय अर्धा सामना खेळायला मिळाला तो अलाबामाला. आमच्याकडे प्रत्येक जोडीचे हंगामात दोन सामने होतात, म्हणून राहिलेली शिक्षा त्याच संघाविरुद्धच्या पुढच्या सामन्यात भोगावी असे मी सुचवले आहे. ती जोडी त्या हंगामात पुन्हा समोर येणार नसेल, तर शिक्षा लगेचच्या सामन्यात लागू व्हावी. मसुदा या हिवाळ्यातल्या बैठकीत मतदानाला येणार आहे.